सामरवरणीला ठेवलेलं प्रस्थान

"पितृपक्षात माणूस नवा सदरा घालत नाही, आणि तुम्ही पोरीला विमानात बसवायला निघालात?" गजानन गुरुजींनी पंचांग मिटलं आणि समोरचा चहा ओढून घेतला.

सरुबाई स्टोव्हपाशी उभी होती. सिल्वासाच्या आमली भागातल्या दोन खोल्यांत ती कारखान्यातल्या एकट्या पोरांसाठी खानावळ चालवायची. गणपती बसलेले होते, त्यामुळे जेवणाऱ्यांपैकी निम्मे गावी गेले होते आणि तिला गुरुजींशी भांडायला वेळ होता.

"मंग आते काय करनं, गुरुजी? तिकीट तर काढेल शे. तिकडली शाळा काय आपला पितरांसाठे थांबाव नई."

"शाळा नाही गं आई, विद्यापीठ," आतून कावेरी म्हणाली.

"तेच ते."

गुरुजींनी बशीतला चहा संपवला. पेच घालायचा आणि मग आपणच सोडवायचा, ही त्यांची जुनी हातोटी. "उपाय आहे. प्रस्थान ठेवा. विसर्जनाच्या आधी चांगला दिवस बघून पोरीची बॅग घराबाहेर काढायची. वेशीपलीकडे, ज्या दिशेला जायचं त्या दिशेला, ओळखीच्या घरी नेऊन ठेवायची. बॅग निघाली की माणूस निघालं. मग विमान पितृपक्षात उडो नाहीतर ग्रहणात. मात्र एक लक्षात ठेवा, निघालेली बॅग परत घरात आणायची नाही. पुढेच जायला हवी."

"आनाव नई," सरुबाई म्हणाली. तिच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता.

कावेरी तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नव्हतं, आणि तरी ती सारखं लिहायची. धुळ्याकडून सिल्वासाला ती लहानपणी आली ती ट्रकच्या मागच्या भागात, गाद्या-भांड्यांच्या मध्ये बसून. बाप चिंधा त्याआधीच इथल्या धाग्याच्या कारखान्यात लागला होता. त्या प्रवासात तिनं सापुताऱ्याचा घाट उलट्या दिशेनं पाहिला, म्हणजे मागे मागे सरकत जाणारा, आणि ते दृश्य तिच्या मनातून कधी गेलंच नाही. जग आपल्यापासून मागे जातं आहे आणि आपण कुठेतरी चाललो आहोत, याहून मोठं सुख तिला पुढे कशातच सापडलं नाही. वापीच्या कॉलेजात जाताना ती मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जाणारी बस धरायची आणि सरुबाईच्या शिव्या खायची.

इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्यावर ती बापाच्याच कारखान्यात, पण ऑफिसात, टेलिफोन आणि फॅक्सवर बसली. फॅक्स म्हणजे तिच्यासाठी खिडकीच होती. तुर्कस्तानाला, ब्राझीलला, बेल्जियमला धाग्याचे भाव पाठवायचे, आणि पलीकडचं मशीन शीळ घालून उत्तर देईपर्यंत रिसीव्हर कानाला लावून ऐकत राहायचं. तिथे आत्ता सकाळ असेल. कुणीतरी ओला कोट खुंटीला टांगून मशीनपाशी येत असेल. कावेरी अशी हरवली की सिल्वासातले चार फोन वाजून बंद पडायचे. मॅनेजर म्हणायचे, "मॅडम, परदेशातून परत या, वापीचा फोन आहे." ती लाजायची आणि परत यायची, पण थोडीच.

तिचे खानवेलच्या बसवरचे आणि दमणगंगेच्या पुलावरचे लेख नाशिकच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आले. ते वाचून खानावळीत जेवणारा राजेंद्र नावाचा नाशिकचा इंजिनिअर भाकरी हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. त्याची बहीण इंग्लंडला होती. तिच्याकडून माहिती आली, कावेरीनं अर्ज केला, आपलेच लेख इंग्रजीत करून पाठवले, आणि त्या देशाच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठानं तिला लेखनाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला घेतलं. फी माफ. सिल्वासातली बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती धुळ्यापर्यंत पोचली.

चिंधा मात्र बोलायचाच कमी. आयुष्यभर मशीनच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाला बोलण्यावर फारसा भरवसा उरत नाही. तो पाळीला जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. पोरीच्या परदेशाबद्दल त्यानं एकदाच विचारलं होतं, "तिकडे बाजरी मिळस का?" मिळत नाही म्हटल्यावर त्यानं मान हलवली, जणू त्याला जे हवं होतं ते कळलं.

राहिला प्रश्न दिशेचा. विलायत पश्चिमेला. पश्चिमेला वेशीपलीकडे ओळखीचं घर कुणाचं? कुणाचंच नाही. सरुबाईची एकच जिवाभावाची मैत्रीण, मंजुळाबाई, आणि ती राहायची सामरवरणीला. सामरवरणी नेमकी कुठल्या दिशेला यावर खानावळीत बराच खल झाला. राजेंद्र कागदावर नकाशा काढायला लागला तेव्हा सरुबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकून त्याचं तोंड बंद केलं. "विमान वळी लेस ना? मंग बॅगबी वळी ली," ती म्हणाली. गुरुजींनीही, दिशेपेक्षा भाव महत्त्वाचा, असा निर्वाळा दिला. त्यांना तिथे रोज जेवायला मिळत होतं.

ठरल्या दिवशी कावेरीची नवी बॅग उंबऱ्यापाशी आणली. आत कपडे, शेंगदाण्याची चटणी, भाकरीसाठी कळण्याचं पीठ आणि सगळ्यांत वर फडक्यात बांधलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड. सरुबाईनं बॅगेला कुंकू लावलं, मग पोरीला ओवाळलं, हातावर दही ठेवलं आणि रडायला लागली. खरं जाणं अजून दोन आठवड्यांवर होतं. पण तिच्या लेखी पोरगी आत्ताच चालली होती, आणि रडणं काही हप्त्यानं रडता येत नाही.

चिंधानं बॅग सायकलच्या कॅरिअरला कारखान्यातल्या टाकाऊ धाग्याच्या दोरानं बांधली. सायकल हातात धरून तो पुढे आणि कावेरी मागे, असे दोघं सामरवरणीपर्यंत चालत गेले. मागं वळून बघायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. कावेरीनं बघितलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात हिरवागार उभा होता, मध्येच एखाद्या कारखान्याचं नवं कोरं कुंपण. रोजचाच रस्ता, पण आज तो कुठेतरी जात होता. तिला वाटलं, हा रस्ता असाच पुढे गेला तर समुद्र लागेल, आणि समुद्रावरूनही आपण असेच बाबांच्या मागे चालत जाऊ.

मंजुळाबाईचं घर म्हणजे पुढे एक ओटा आणि मागे ओळीनं भाड्याच्या खोल्या. तिचा नवरा ट्रक चालवायचा, तो गेल्यापासून ती खोल्यांवर जगत होती. तिनं बॅग आत नेऊन खाटेवर ठेवली, वर धुतलेलं लुगडं पांघरलं. "बस गो बाय. वाटंवरच्या मान्साला जेवल्याबिगर नाय सोडत," ती म्हणाली. घरापासून तासाभरावर आलेल्या पोरीला तिनं लांबच्या पाहुण्यासारखं वाढलं.

गणपती गेले. आणि सुरतेत प्लेग आला.

त्या दिवसांबद्दल सिल्वासातली माणसं अजूनही हलक्या आवाजात बोलतात. गाड्या भरभरून माणसं पळत होती. तोंडाला रुमाल बांधलेले लोक वापीच्या फलाटावर एकमेकांपासून लांब उभे राहत होते. औषधाच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. सरुबाईची खानावळ ओस पडली, कारण जेवणारे गावी पळाले. कावेरीचं तिकीट आखातातून जाणाऱ्या विमानाचं होतं, तेच स्वस्त पडत होतं. आखाती देशांनी भारतातून येणारी विमानं बंद केली. एजंट फोनवर म्हणाला, "बेन, अत्यारे कंई नथी. जब खुलेगा तब बोलूंगा." दुसऱ्या वाटेच्या तिकिटाला लागणारा पैसा त्या घरात कुणी पाहिलेला नव्हता.

विमानं पुन्हा उडायला लागली तोवर विद्यापीठानं दिलेली मुदत संपली होती. कावेरीनं फॅक्स करून विनंती केली. उत्तर तिच्याच टेबलावर, तिच्याच मशीनमधून, ओळ ओळ करत बाहेर आलं. फार सौजन्यानं लिहिलं होतं. जागा पुढच्या वर्षीही देता येईल. फीमाफी मात्र त्याच वर्षापुरती होती, ती पुढे नेता येत नाही, आम्हाला अतिशय वाईट वाटतं. कावेरीनं कागद फाडून घेतला आणि फोन वाजला तो उचलला. "नमस्कार," ती म्हणाली आणि वापीहून कोण बोलतंय ते लिहून घेतलं. रडली ती घरी येऊन, आईच्या मांडीत तोंड घालून, अगदी लहान पोरासारखी.

"बॅग घेऊन येते उद्या," रडून झाल्यावर ती म्हणाली.

सरुबाई ताडकन उठली. "खबरदार! ती बॅग या घरात येवाव नई. निघेल बॅग मांगे आनसंत का कोठे?"

आता आली का पंचाईत? पोरगी घरात आणि तिचं जाणं सामरवरणीला. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, प्रस्थानाला मुदत असते खरी, पण आपत्काळात ती वाढते. किती वाढते ते त्यांनी सांगितलं नाही. बॅग राहिली मंजुळाबाईच्या खाटेवर.

मग एक गंमत झाली. कावेरी दर रविवारी सामरवरणीला जायला लागली. आधी निमित्त होतं बॅगेतली चटणी खराब होण्याआधी काढून आणण्याचं. नंतर निमित्त लागेनासं झालं. मंजुळाबाई तिला कधी "का गेली नाहीस?" असं विचारायची नाही. ती फक्त जेवायला वाढायची, आणि मागच्या खोल्यांतल्या भाडेकऱ्यांना सांगायची, "ही आपली पोर विलायतेला निघालीय. मधी वाटंत थांबलीय." भाडेकरू ओरिसातले, बिहारातले, आझमगढचे. त्यांना यात काहीच विशेष वाटायचं नाही. तेही कुठेतरी निघून मध्येच थांबलेलेच होते. "दीदी, वहाँ जाने में कितने दिन लगते हैं?" एकानं विचारलं. विमानानं एक दिवस, ती म्हणाली. "हमको यहाँ आने में तीन लगे थे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा अभिमान होता.

ती ओट्यावर बसून लिहायची. समोरून लाकडं डोक्यावर घेतलेल्या वारली बायका जायच्या, कारखान्याची बस जायची, संध्याकाळी कुणी तारपा वाजवायचं त्याचा सूर भातावरून यायचा. हे सगळं ती लहानपणापासून बघत, ऐकत होती. पण आता ते तिला वाटेतल्या गावासारखं दिसायला लागलं, जिथे आपण एकदाच येतो आणि म्हणून नीट बघून घेतो. आपण निघालेलो आहोत, ही भावना तिला सोडायची नाही. ऑफिसात, नळावर, बाजारात, सगळीकडे ती प्रवासात असायची. चालताना तिचा चेहरा असा काही हलका असायचा की बायका म्हणायच्या, हिचं डोकं फिरलंय किंवा हिचं कुठेतरी जुळलंय. दोन्ही खोटं होतं. ती वर्षभर सुखी होती, आणि त्या सुखाला पुढे काही नाही हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या पावसाळ्याआधी स्थळ आलं. शिरपूरचा प्रभाकर, शाळेत मास्तर, निर्व्यसनी, घरी शेती. वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं, आणि हीच खरी अडचण होती. सरुबाईला तर देवच पावला. तिनं रात्रंदिवस विचार करून एक तोड काढली होती. पोरीचं लग्न झालं की ती सासरी जाणार. जाताना सामरवरणीहून तीच बॅग घेऊन जायची. बॅग पुढेच गेली, परत आली नाही. प्रस्थान पुरं झालं, दोष उरला नाही. तिनं हे कावेरीला सांगितलं तेव्हा इतक्या आनंदानं सांगितलं, की कावेरी उठून भांडी घासायला गेली.

पाहुणे रविवारी दुपारी आले. प्रभाकर आणि त्याचे काका रघुनाथराव. चिंधाची पाळी तीनची होती, म्हणून तो कारखान्याच्या खाकी कपड्यांतच बसला होता. कावेरीनं पोहे दिले. प्रभाकरनं खाली मान घालून खाल्ले. नंतर तो तिला म्हणाला, "तुमचा पुलावरचा लेख वाचला मी. मुलांना वाचून दाखवला वर्गात." हे ऐकून कावेरीला आणखीनच वाईट वाटलं. माणूस चांगला होता.

"परदेशी जायची होती म्हणे?" रघुनाथरावांनी विचारलं.

"हां, पन ते राहिनं," सरुबाई घाईनं म्हणाली. आणि मग तिनं सगळी हकीकत सांगितली, गुरुजी, पितृपक्ष, प्लेग, सामरवरणी. सांगता सांगता ती रंगली. रघुनाथराव पोट धरून हसले. हसण्यात वाकडं काही नव्हतं.

"मग तर उत्तमच झालं की, वहिनी! बॅग भरलेली तयार आहे. ती सरळ शिरपूरला येऊ द्या. लंडनऐवजी शिरपूर. अहो, प्रवासाचं खूळ काय, लग्न झालं की उतरतं."

सरुबाईही हसली. तिच्या मनातलंच ते बोलले होते. कावेरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे मंजुळाबाईच्या खाटेवरून लुगडं बाजूला झालं, बॅग उचलली गेली आणि एस्टीच्या टपावर चढली. गेलं वर्षभर तिच्यापाशी होतं ते एवढंच होतं, आणि ते आता हसत हसत, कुणाच्याही वाईट मनाशिवाय, खर्ची पडत होतं. तिला ओरडावंसं वाटलं. पण कशावर हक्क सांगायचा? न केलेल्या प्रवासावर?

"ती बॅग नई मिळाव," चिंधा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खोलीत आहे हेच ते विसरले होते.

"आं?" रघुनाथराव म्हणाले.

"ती विलायतले जावाकरता ठेयेल शे."

रघुनाथरावांना वाटलं, मानापानाचं काही असेल. ते समजुतीनं म्हणाले, "बरं, राहू द्या हो. त्यात काय एवढं? दुसरी बॅग घ्या."

चिंधानं मान खाली घातली. खाकी पँटीवर धाग्याचा एक तुकडा चिकटला होता, तो त्यानं काढला. "बॅग दुसरी लेता यी, पाव्हणं," तो म्हणाला. "पोर एकच शे. अन् ती निघेल शे."

स्टोव्हवर चहा उतू गेला, तरी सरुबाई हलली नाही. प्रभाकरनं एकदा कावेरीकडे पाहिलं, पुरतं वर मान करून, आणि मग तोच आधी उठला. त्यानं चिंधाला वाकून नमस्कार केला. रघुनाथराव फुरंगटून चपला शोधायला लागले.

पाहुणे गेल्यावर सरुबाईनं नवऱ्याला जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. असं स्थळ पुन्हा येणार नाही. नात्यात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पोर म्हातारी झाल्यावर बॅगेला काय चाटायचंय? चिंधानं सगळं ऐकलं, डबा घेतला आणि निघाला. त्या दिवशी कावेरी त्याच्याबरोबर गेली. आमलीतून कारखान्यापर्यंत दोघं चालत होते, तो सायकल हातात धरून.

"बाबा, फीमाफी गेली. आता पैशांशिवाय जाता येणार नाही," वाटेत ती म्हणाली. "मी कधी जाईन असं मला नाही वाटत."

"माले ठाऊक शे."

"मग असं का बोललात?"

चिंधानं सायकल खड्ड्याच्या कडेनं काढली. "निघेल माणूसले मांगून हाक मारू नई," तो म्हणाला. "बस."

कावेरीनं त्याच्या बाहीला धरलं. अशी ती लहानपणी धरायची. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींसाठी तिच्याजवळ शब्द नव्हते, एवढी लिहिणारी असून.

कारखान्याच्या फाटकाशी दुसऱ्या पाळीची गर्दी जमली होती. चिंधानं सायकल कुंपणाला लावली. मग तो तिच्याकडे वळला आणि त्यानं विचारलं, "तिकडे तुन्ही खोली कशी व्हती?"

कावेरीला क्षणभर कळेना. मग कळलं, तो तिच्या न झालेल्या प्रवासाचं विचारत होता. "वरच्या मजल्यावर होती," ती म्हणाली. "उतरतं छप्पर. एकच खिडकी."

"थंडी?"

"खूप. काचेवर धुकं बसायचं. हातानं पुसावं लागायचं."

भोंगा झाला. माणसं पळत आत शिरली. रखवालदारानं, "चिंधाभाऊ, चलो," म्हणून हाक मारली. चिंधानं त्याला हातानंच थांब म्हटलं.

"मंग?" तो पोरीला म्हणाला. "पुसावर काय दिसे खिडकीतून? सांग ना, मी ऐकी ऱ्हायनू."

आणि कावेरी सांगायला लागली.